सांगणारा एक, लिहिणारे अनेक

1771 च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये सेंट ओव्हिडची जत्रा भरली होती. गिऱ्हाईक खेचण्यासाठी तिथल्या एका कॅफेवाल्यानं नामी युक्ती काढली. शहरात ‘केंझ-वँ’ नावाचा अंधांचा जुना आश्रम होता. तेराव्या शतकात नवव्या लुईनं तीनशे अंधांसाठी तो काढलेला. तिथले काहीजण कॅफेवाल्यानं आणवले. त्यांना लांब झगे आणि टोकदार टोप्या घातल्या, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे मोठाले चष्मे चढवले, हातात व्हायोलिन दिलं, आणि वर समोर स्वरलिपीचे कागद मांडून उजेडासाठी मेणबत्त्या लावल्या. ते बिचारे जमेल तसं खरडत राहिले आणि हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली.

बघ्यांमध्ये वालांतँ आउई नावाचा पंचविशीतला तरुण होता. त्याला हसू आलं नाही. पुढे 1785 मध्ये त्यानं पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली, आणि अंधांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना सगळे या जत्रेपासून सुरुवात करतात. त्याच काळातली दुसरी एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. जत्रेनंतर दोनच वर्षांनी, त्याच फ्रान्सच्या राज्यात, पूर्व सीमेवरच्या कोल्मार गावातल्या एका माणसानं लष्करी शाळा काढायची परवानगी मागितली आणि पंधराव्या लुईनं ती दिली. हा माणूस तेव्हा पंधरा वर्षं पूर्ण अंध होता. जर्मन भाषेत कविता करायचा. त्याचं नाव गोटलिब कॉनराड प्फेफेल.

एकाच राजाची प्रजा आणि एकच व्यंग. एकाच्या वाट्याला टोकदार टोपी आली, दुसऱ्याच्या वाट्याला हेडमास्तरकी. प्फेफेलवर जे थोडंफार लिहिलं जातं त्यात या फरकाचं श्रेय त्याच्या जिद्दीला दिलं जातं. जिद्द होतीच. पण त्याचं आयुष्य नीट पाहिलं तर जिद्दीइतकीच दुसरी एक गोष्ट ठळकपणे दिसते: त्याच्याभोवती असलेली माणसांची व्यवस्था. तिच्या बळावर तो पन्नास वर्षं लिहिता राहिला.

जर्मन बोलणारं फ्रेंच गाव

कोल्मार हे आल्सास प्रांतातलं गाव. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला, व्होज डोंगरांच्या पायथ्याशी, द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यात. आज पर्यटक तिथे लाकडी चौकटींची रंगीत घरं, कालवे आणि उंटरलिंडन संग्रहालयातली ग्र्युनेवाल्टची चित्रं बघायला जातात. एकेकाळी हे स्वतंत्र जर्मन शहर होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौदाव्या लुईनं ते घेतलं. राज्य फ्रेंच झालं, पण घरात, बाजारात आणि चर्चमध्ये जर्मनच राहिली. गावात ल्युथरपंथी प्रॉटेस्टंटांची मोठी वस्ती होती. फ्रान्समध्ये इतरत्र प्रॉटेस्टंट होणं म्हणजे संकटाला आमंत्रण. आल्सासमध्ये मात्र 1648 च्या वेस्टफालियाच्या तहामुळे त्यांना उपासनेचं स्वातंत्र्य उरलं होतं. उपासनेचं स्वातंत्र्य होतं, बरोबरीचा हक्क मात्र नव्हता. हा मुद्दा प्फेफेलच्या शाळेपाशी पुन्हा येईल.

प्फेफेलचा जन्म 28 जून 1736 चा. वडील गावचे कारभारी आणि फ्रेंच दरबाराचे कायदे सल्लागार. मुलगा दोन वर्षांचा असतानाच ते गेले. थोरला भाऊ क्रिस्तियान फ्रीडरिश दहा वर्षांनी मोठा. तो पुढे इतिहासकार आणि मुत्सद्दी म्हणून नावारूपाला आला. धाकट्यानंही तीच वाट धरायची असं ठरलं, आणि 1751 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याला जर्मनीतल्या हाले विद्यापीठात कायदा शिकायला पाठवलं. तिथे तत्त्वज्ञ क्रिस्तियान वोल्फ शिकवत होता. डोळ्यांचं दुखणं तिथेच बळावलं. 1754 मध्ये उपचारांसाठी तो ड्रेस्डेनला गेला. याच काळात प्राणिकथांचा तेव्हाचा सर्वात लाडका कवी गेलर्ट याच्याशी त्याची ओळख झाली. उपचारांचा गुण आला नाही, विद्यापीठ सुटलं, तो कोल्मारला परतला. 1758 मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. वय बावीस.

पुढच्याच वर्षी, 1759 च्या फेब्रुवारीत, त्याचं लग्न झालं. मार्गारेटा क्लेओफे दिवू ही स्ट्रासबुर्गच्या व्यापाऱ्याची मुलगी, त्याच्या नात्यातली. नवरा अंध आहे हे माहीत असून तिनं संसार मांडला. तेरा बाळंतपणं काढली, आणि त्यांतली कित्येक मुलं नवरा-बायकोच्या हयातीतच गेली. प्फेफेलच्या चरित्रांत हा सगळा संसार एका वाक्यात उरकलेला असतो. मुत्सद्देगिरीचं दार बंद झाल्यावर कवितेचं दार उघडलं ते या घरात, हे त्या वाक्यात मावत नाही.

डोक्यातली वही

1758 मध्ये अंध होणं म्हणजे नेमकं काय, हे आज मुद्दाम डोळ्यांसमोर आणावं लागतं. ब्रेल लिपी नव्हती. उठावाची छापील अक्षरं नव्हती. अंध माणसापुढे पुस्तक म्हणजे कोणीतरी वाचून दाखवलेला आवाज, आणि लेखन म्हणजे कोणीतरी उतरवून घेतलेला मजकूर. पत्र आलं तर ते आधी दुसऱ्यानं फोडायचं, दुसऱ्यानं वाचायचं, मग आपण ऐकायचं. मित्राचं गुपित असो, सावकाराचा तगादा असो की मुलाच्या आजाराची बातमी, सगळं तिसऱ्याच्या तोंडून. उत्तरही त्यालाच सांगायचं. खासगी असं काही उरत नाही.

आणि प्फेफेल पत्रं लिहिणारा माणूस होता. झुरिकचा धर्मोपदेशक लाव्हाटर, बाझेलचा कारखानदार याकोब सारासिन, गटेचा मेव्हणा श्लोसर, लेखिका सोफी फॉन ला रोश अशा कितीतरी जणांशी त्याचा पत्रव्यवहार होता. वेडाच्या उंबरठ्यावर असलेला कवी लेन्त्स त्याच्या ओळखीतला होता आणि त्याच्या घरी येऊन गेला होता. एवढा सगळा संसार चालवायला वाचक लागायचे आणि लेखनिक लागायचे. घरातली माणसं, पगारी चिटणीस, पुढे शाळेच्या निमित्तानं भोवती जमलेली मंडळी, असे हात बदलत गेले.

त्याच्या कवितेचं रूपही मला या परिस्थितीशी जोडलेलं वाटतं. प्फेफेलनं नाटकं लिहिली, फ्रेंच नाटकांची जर्मन रूपांतरं केली, मुलांसाठी नाटुकली लिहिली. पण त्याचं नाव झालं ते प्राणिकथा, छोट्या कथाकविता आणि चटके देणाऱ्या चार-आठ ओळींच्या रचनांनी. यमक आणि ठेका असलेली, दहा-वीस ओळींत कळस गाठणारी रचना डोक्यात धरून ठेवता येते. रात्री अंथरुणात जुळवली तरी सकाळी सांगेपर्यंत टिकते. खाडाखोड मनातच करायची असेल तर कागद लहान असलेला बरा. गेलर्टच्या ओळखीनं वाट दाखवली असेल, पण त्या वाटेवर तो आयुष्यभर राहिला याला हेही एक कारण असावं.

ही कविता लोकांपर्यंत पोचायची ती वार्षिकांतून. 1770 पासून जर्मनीत ‘मुझेनआल्मानाख’ नावाची कवितांची छोटेखानी वार्षिकं निघू लागली होती. वर्षाअखेरीला अंक निघायचा, गावोगावचे कवी त्यात येण्यासाठी धडपडायचे, घरातल्या बायामाणसांपर्यंत तो पोचायचा. आपल्या दिवाळी अंकाचा दूरचा पूर्वजच म्हणा. गटिंगेन आणि हांबुर्गच्या या वार्षिकांतून प्फेफेल जर्मन घराघरांत गेला. त्याचं घर कोल्मारमध्येच राहिलं, पण त्याच्या ओळी बर्लिनपर्यंत पाठ होत्या.

अंध हेडमास्तर

आता शाळा. पॅरिसच्या राजेशाही लष्करी शाळेत प्रवेश घ्यायचा तर मुलगा कॅथलिक असावा लागे. आल्सासमधल्या प्रॉटेस्टंट सरदार-दरकदारांच्या मुलांना ते दार बंद. प्फेफेलनं ही उणीव हेरली. 1773 मध्ये त्यानं कोल्मारमध्ये प्रॉटेस्टंट मुलांसाठी ‘एकोल मिलितेर’ सुरू केली. 1782 पासून ती ‘आकादेमी मिलितेर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. नावात लष्कर असलं, मुलांना गणवेश आणि कवायत असली, तरी आत शिकवलं जायचं ते भाषा, इतिहास, भूगोल, गणित आणि नीती. डेसाऊमध्ये बाझेडोव्ह नव्या पद्धतीची शाळा काढत होता, रुसोची पुस्तकं हातोहात फिरत होती. त्या वाऱ्यातली ही शाळा. मुलं आली ती आल्सासमधून, जर्मन संस्थानांतून आणि मोठ्या संख्येनं स्वित्झर्लंडमधून.

लवकरच फ्रान्त्स क्रिस्तियान लेर्झे हा त्याचा उजवा हात झाला. लेर्झे म्हणजे स्ट्रासबुर्गच्या दिवसांतला गटेचा मित्र. गटेनं ‘ग्योत्स फॉन बेर्लिशिंगेन’ या नाटकातल्या एका सरळमार्गी योद्ध्याला त्याचंच नाव दिलं आहे. प्फेफेलच्या शाळेत तो शिकवायचा आणि बरोबरीनं कारभार बघायचा. शाळेला नाव मिळालं ते अंध कवीचं. रोजचा गाडा दोघांनी मिळून हाकला.

शाळा बघायला युरोपभरातून लोक येत. त्यांच्यासाठी एक पाहुण्यांची वही ठेवलेली होती. ती शिल्लक राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापूनही निघाली. अभ्यासकांना ती वही म्हणजे खजिना वाटते: त्या काळातला कोण कुठला माणूस आल्सासमधून गेला, हे तिच्यातून कळतं. ज्याच्या घरी ही वही होती त्याला तिच्यातली एकही सही दिसत नव्हती. पाहुणा गेल्यावर कोणीतरी ती वाचून दाखवली असेल, तेवढीच.

सिंह, बैल आणि वेठबिगार

अंध कवी म्हटलं की वाचक अंतर्दृष्टी, आतला प्रकाश, काळोखातला ईश्वर यांची वाट पाहतो. प्फेफेलच्या कवितेत देव आहे, सहनशीलता आहे, पण त्याचा खरा जीव गुंतला होता तो सत्तेच्या प्रश्नात. ‘बैल आणि गाढव’ ही त्याची रचना जर्मन मुलांच्या पिढ्यान्पिढ्यांनी पाठ केली: शहाणा कोण यावरून दोघांची हमरीतुमरी होते, निवाडा सिंहाकडे जातो, आणि सिंह दोघांनाही मूर्ख ठरवून मोकळा होतो. दुसऱ्या एका रचनेत त्यानं प्राण्यांच्या साम्राज्याचा अख्खा इतिहास सांगितला आहे. तो वाचताना प्राणी विसरायला होतात आणि राजघराणी दिसू लागतात.

सर्वात जहाल आहे ती ‘योस्ट’ नावाची छोटी कविता. योस्ट हा जन्मभर वेठबिगारीत राबलेला शेतकरी. तो मरायला टेकलेला असताना पाद्री त्याला स्वर्गातल्या विश्रांतीचं आश्वासन देतो. योस्टला ते पटत नाही. तिथेही आम्हा गरिबांना वेठीला धरून गडगडाट करायला लावतील, अशी त्याला धास्ती आहे. हाच विचार पुढे जर्मन नाटककार ब्यूख्नरच्या ‘वोयत्सेक’मध्ये गरीब शिपायाच्या तोंडी आला आणि जगभरच्या रंगभूमीवर पोचला. ब्यूख्नर काही वर्षं आल्सासमध्येच, स्ट्रासबुर्गला, राहिला होता. नाटक बघणाऱ्यांपैकी कोल्मारच्या कवीचं नाव किती जणांना ठाऊक असेल?

1783 मध्ये त्यानं आपल्या प्राणिकथांचं पुस्तक बाझेलमधून काढलं आणि ते स्वित्झर्लंडच्या हेल्व्हेटिक सोसायटीला अर्पण केलं. राजेशाही फ्रान्सची प्रजा असलेल्या माणसानं प्रजासत्ताकवाल्यांना पुस्तक वाहावं यात बरंच काही आलं. स्विस लोकांनीही त्याला आपला मानलं होतं. बील शहरानं त्याला नागरिकत्व दिलं. जन्मानं वा पदवीनं माणूस मोकळा होत नाही, अशा आशयाची त्याची ‘स्वतंत्र माणूस’ ही कविता तरुण बीथोव्हेननं 1790 च्या दशकात संगीतबद्ध केली. 1811 मध्ये चौदा वर्षांच्या शूबर्टनं त्याच्या आणखी एका कवितेला चाल लावली.

अपंगत्व त्याच्या कवितेत येतं तेव्हाही तो त्याला गोंजारत बसत नाही. ‘तंबाखूचा पाइप’ ही त्याची सर्वात लोकप्रिय कथाकविता. ती लोकगीतासारखी गायली गेली. एक तरुण म्हाताऱ्या निवृत्त शिपायाकडे त्याचा सुंदर पाइप विकत मागतो. शिपाई नकार देतो आणि पाइपची कहाणी सांगतो: तो त्याच्या कप्तानाचा, कप्तानाला बेलग्रेडच्या लढाईत एका पाशाकडून मिळालेला, कप्तान मरताना तो त्याला देऊन गेला. पुढे प्रागजवळ म्हाताऱ्याचा पाय गोळीनं उडाला, तेव्हा त्यानं आधी पाइप चाचपला आणि मग पाय. शेवटी तो तरुण त्याच कप्तानाच्या घराण्यातला निघतो आणि म्हाताऱ्याला आपल्या घरी घेऊन जातो. पाय गेल्याचं दुःख दोन ओळींत, तेही हसत. कवितेचं लक्ष म्हाताऱ्याच्या निष्ठेवर आहे आणि म्हातारपणी त्याला कोण सांभाळणार या प्रश्नावर.

व्हिएन्नाची पियानोवादक

स्वतःच्या अंधत्वाबद्दल प्फेफेल मोकळेपणानं बोलला तो दुसऱ्या अंध व्यक्तीच्या निमित्तानं. मारिया थेरेसिया फॉन पाराडीस ही व्हिएन्नाची पियानोवादक, 1759 ची, अगदी लहानपणी दृष्टी गेलेली. तिच्यापाशी एक नवलाची वस्तू होती. बुद्धिबळ खेळणाऱ्या ‘यांत्रिक तुर्का’मुळे गाजलेल्या केम्पेलेननं 1779 मध्ये तिला छोटा हातछापखाना बनवून दिला होता. त्यावर ती स्वतः अक्षरं जुळवायची आणि जर्मनमध्ये पत्र छापायची. लेखनिक नको, मधला माणूस नको. प्फेफेलचा आणि तिचा पत्रव्यवहार होता. त्यानं तिच्यावर कविता लिहिली, आणि व्हिएन्नाचा संगीतकार कोझेलुखनं त्या कवितेला संगीत दिलं.

1784 मध्ये पाराडीस दौऱ्यावर पॅरिसला आली आणि जत्रेतल्या त्या तरुणाला, आउईला, भेटली. तिची साधनं बघून त्याच्या डोक्यातल्या शाळेला आकार आला. आउईचा पहिला विद्यार्थी लस्युर हा चर्चच्या दारात भीक मागणारा मुलगा होता. म्हणजे कोल्मारमध्ये जे एका सुखवस्तू घराला परवडत होतं, ते भीक मागणाऱ्या मुलापर्यंत पोचवायचं तर माणसांऐवजी साधनं लागतात, हे आउईनं ओळखलं. प्रत्येक अंधाला वाचून दाखवणारी बायको आणि लिहून घेणारा चिटणीस कुठून मिळणार?

क्रांती आणि दारिद्र्य

1789 ची क्रांती प्फेफेलनं आनंदानं स्वीकारली. जन्मभर प्राणिकथांतून जे सांगितलं ते घडत होतं. मग दहशतीचं वर्ष आलं. स्ट्रासबुर्गचा महापौर दीट्रिश, ज्याच्या घरी ‘मार्सेयेज’ पहिल्यांदा गायलं गेलं, तो डिसेंबर 1793 मध्ये गिलोटिनखाली गेला. सरदारांच्या मुलांची शाळा चालणं आता शक्यच नव्हतं. ती बंद पडली. गाठीशी असलेला पैसा क्रांतीच्या कागदी चलनात विरघळला. साठीला आलेला अंध माणूस, पदरी मोठं कुटुंब आणि उत्पन्न शून्य.

या टप्प्यावर केवळ पैशाची व्यवस्था असती तर ती कोसळली असती. माणसांची व्यवस्था टिकली. तो पुन्हा मजकूर सांगू लागला, या वेळी पोटासाठी. गटे-शिलरचा प्रकाशक कोटा याच्या ‘फ्लोरा’ या स्त्रियांच्या मासिकासाठी त्यानं गोष्टी पुरवल्या. कोटानंच 1802 पासून त्याच्या कविता दहा खंडांत काढल्या. गद्याचे आणखी दहा खंड मृत्यूनंतर निघाले. नव्या राजवटीत जिल्ह्याच्या कचेरीत त्यानं दुभाष्याचं काम केलं: पॅरिसहून आलेले फ्रेंच हुकूम कोणीतरी वाचायचं, त्यानं जर्मन सांगायचं, कोणीतरी लिहायचं. 1803 मध्ये कोल्मारच्या प्रॉटेस्टंट धर्ममंडळाचा तो अध्यक्ष झाला.

याच काळात गावाजवळच्या शोपेनवीरच्या वाड्यातल्या बेर्कहाइम बहिणी आणि त्यांच्या मैत्रिणी त्याला गुरू मानत. त्यांच्यापैकी आनेट फॉन राटसामहाउझेन हिचं लग्न 1798 मध्ये जोझेफ द जेरांदो या तरुण विचारवंताशी झालं. जेरांदो तेव्हा कोल्मारमध्ये साधा शिपाई होता. त्याचा प्फेफेलच्या वर्तुळात वावर होता. पुढे तो पॅरिसच्या मूकबधिर संस्थेच्या कारभारात आला आणि 1827 मध्ये मूकबधिरांच्या शिक्षणावर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला. प्फेफेलच्या दिवाणखान्याचा आणि या ग्रंथाचा सरळ कार्यकारणभाव सांगता येणार नाही. पण व्यंग असलेला माणूस बौद्धिक आयुष्याच्या मध्यभागी बसलेला जेरांदोनं तारुण्यात जवळून पाहिला होता, एवढं खरं.

दोन घरचा पाहुणा

1 मे 1809 रोजी प्फेफेल कोल्मारमध्येच वारला. त्याच वर्षाच्या 4 जानेवारीला पॅरिसजवळच्या कुव्रे गावात खोगीर बनवणाऱ्या कारागिराच्या घरी लुई ब्रेलचा जन्म झाला होता. तो पुढे आउईनं काढलेल्या शाळेत शिकला आणि पंधराव्या वर्षी त्यानं सहा टिंबांची लिपी सिद्ध केली.

प्फेफेलच्या कीर्तीचं पुढे जे झालं त्याला आल्सासचा भूगोल कारण आहे. 1871 मध्ये प्रांत जर्मनीकडे गेला, 1918 नंतर फ्रान्सकडे, 1940 मध्ये पुन्हा जर्मन ताब्यात आणि 1945 ला पुन्हा फ्रान्सकडे. दर खेपेला शाळेतली भाषा बदलली. जर्मन वाङ्मयेतिहासाच्या लेखी तो सीमेपलीकडचा, फ्रेंच वाचकाला त्याची भाषा परकी. कोल्मारमध्ये त्याचा पुतळा आहे, पण ज्या भाषेत तो लिहायचा ती त्या गावातल्या नव्या पिढीच्या तोंडी फारशी उरलेली नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत.

त्याला पुन्हा वाचायचं तर ‘आंधळेपणावर मात करणारा कवी’ म्हणून वाचण्यात अर्थ नाही. त्यानं मात वगैरे काही केली नाही. बावीस ते बहात्तर अशी पन्नास वर्षं तो अंधच होता आणि त्या वर्षांत त्यानं शाळा चालवली, राजांची खिल्ली उडवली, मुलं पुरली, हुकूम भाषांतरित केले. हे सगळं सुरू राहिलं कारण रोज सकाळी कोणीतरी त्याच्यासमोर कागद घेऊन बसत होतं. क्लेओफेचं नाव आपल्याला ठाऊक आहे, लेर्झेचंही. बाकीच्या बहुतेकांचं फक्त अक्षर शिल्लक आहे, त्याच्या पत्रांवर आणि हस्तलिखितांवर. जत्रेतल्या त्या अंध वादकांपुढे मेणबत्त्या लावायला माणसं होती. वाचून दाखवायला कोणी नव्हतं. अपंग लेखकाचं चरित्र लिहिताना त्याच्या प्रतिभेबरोबर हाही जमाखर्च मांडायला हवा. तो मांडला की प्फेफेल लहान होत नाही. ज्यांना असे हात मिळाले नाहीत, त्यांचं किती लेखन आपण गमावलं याचा अंदाज मात्र येतो.